वळिवड्याची शाळा

पैनगंगेच्या या तीरावर भीमपुरात मी पोलंडविषयी बोलतो, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु १९५६ साली किनवट मुंबई राज्यात गेले, आपण आंध्र प्रदेशात आलो. घर न हलता राज्य बदलणे म्हणजे काय, हे आपण जाणतो.

१९४०-४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधील असंख्य कुटुंबे सायबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केली. पुढे सुटका होऊन त्यांपैकी काही इराणमार्गे हिंदुस्थानात आली. १९४३ पासून कोल्हापूरनजीक वळिवडे येथील छावणीत सुमारे पाच हजार निर्वासित राहिले. बहुतांश स्त्रिया आणि मुले. महायुद्ध संपले, पण त्यांची गावेच सोव्हिएत सीमेत गेली होती. परतावे कोठे? १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. काही पोलंडला, तर अनेक जण ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका अशा देशांत गेले.

जाताना हाती घर नव्हते. मुखी मात्र मातृभाषा होती, कारण छावणीत पोलिश शाळा होत्या. अमेरिकेतील पोलिश वस्त्यांत जे मिसळले, त्यांनी हेच धन नेले. कोल्हापूरच्या महावीर उद्यानातील स्मारकस्तंभ त्यांची आठवण सांगतो.

सीमा राज्यकर्ते आखतात. भाषा शाळा जपते. आपल्या मराठी शाळेचा फळा पुसताना एवढे स्मरावे, ही विनंती.