थर्मल पेस्टची एक्स्पायरी आणि 2012 चं झाकण

लॅबमधला सिम्युलेशनचा कॉम्प्युटर सारखा तापून बंद पडायला लागला, तेव्हा सगळ्यांनी पेस्टलाच दोषी ठरवलं. ट्यूबवरची तारीख केव्हाच उलटून गेली होती. नवी ट्यूब आणली, जुनी पेस्ट पुसून काढली, तापमान 11 अंशांनी उतरलं. सरांना खुशीत सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, "पंखा पण साफ केलास का?" केला होता.

अशीच गफलत प्रोसेसरच्या इतिहासात मोठ्या प्रमाणावर झाली आहे. इंटेलच्या 2011 च्या सँडी ब्रिज प्रोसेसरमध्ये चिप आणि तिच्यावरचं धातूचं झाकण यांच्यामध्ये सोल्डर असायचं. 2012 च्या आयव्ही ब्रिजमध्ये तिथे पेस्ट आली. ओव्हरक्लॉक केल्यावर या चिप जास्त तापू लागल्या आणि 'स्वस्तातली पेस्ट घातली' असा बोभाटा झाला. हौशी मंडळींनी ब्लेडने झाकणं काढली, आपल्या पसंतीची पेस्ट लावली आणि तापमान बरंच खाली आलं. झालं सिद्ध!

पण झाकण काढल्यावर त्यांनी कडेचा गोंदही खरवडला होता. गोंद गेला की झाकण आणखी खाली बसतं, पेस्टचा थर पातळ होतो. उष्णतेला होणारा विरोध थराच्या जाडीच्या प्रमाणात असतो, म्हणजे पेस्ट तीच ठेवून जाडी निम्मी केली तरी ढोबळमानाने विरोधही निम्मा होणार. शिवाय ही 22 नॅनोमीटरची चिप आकाराने लहान, म्हणजे उष्णता बाहेर पडायला जागाच कमी. मग दोष नेमका कशाचा?

आता एक्स्पायरीचं. पेस्ट म्हणजे तेलात कालवलेली पूड. बऱ्याचदा सिलिकोन तेल आणि झिंक ऑक्साईड. ट्यूबवरची तारीख असते न वापरलेल्या पेस्टची. पडून राहिली की तेल सुटतं, पूड खाली बसते. प्रोसेसरवर लावल्यावर तिचा शत्रू वेगळा असतो. चिप तापते, निवते. तिचं आणि धातूचं प्रसरण सारखं नसतं, त्यामुळे दर फेऱ्याला पेस्ट थोडी थोडी कडेला ढकलली जाते. याला पंप-आऊट म्हणतात. म्हणून टिकाऊपणाच्या चाचणीत नुसते तास मोजून भागत नाही, तापण्या-निवण्याचे फेरेही मोजावे लागतात.

2014 मध्ये इंटेलने काही प्रोसेसरमध्ये सुधारित पेस्ट घातली आणि 2018 च्या आय-9 9900के मध्ये सोल्डर परत आलं. आमची जुनी ट्यूब अजून ड्रॉवरमध्येच आहे. शेजारच्या टेबलावर तसाच एक कॉम्प्युटर आहे. त्याचा आधी फक्त पंखा साफ करायचा, आकडे लिहून घ्यायचे, मग पेस्टला हात लावायचा.