दिनविशेष : ३ मे
१९१३ साली आजच्याच दिवशी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी झळकला. पण आमच्या मते फाळक्यांची खरी करामत त्याआधीची. लंडनहून आणलेला विल्यम्सन कॅमेरा कुंडीतल्या वाटाण्यासमोर लावून त्यांनी रोपाची वाढ एकेक चौकट करत टिपली. पडद्यावर अंकुर फुटून वेल सरसर वर चढताना दिसला आणि भांडवल द्यायला माणूस तयार झाला! चित्रकला, छपाई, फोटोग्राफी, जादूचे प्रयोग. सगळेच त्यांच्या हातात होते. ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला त्याच वर्षी त्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवले.