वेळेचे सोंग

सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्याने ती प्रथम उच्चारली त्याला संसाराचा चांगलाच अनुभव असला पाहिजे. परंतु ज्या खेळाचा इतिहास येथे सांगावयाचा आहे, त्या खेळाने ही म्हण निम्मी खोटी पाडली आहे. या खेळात पैशाचेही सोंग आणता येते. आणता येत नाही ते वेळेचे.

हा खेळ म्हणजे संगणकाच्या जाळ्यावर हजारो माणसांनी एकाच वेळी, एकाच कल्पित राज्यात, सोंगे घेऊन खेळावयाचा खेळ. खेळणारा सोलापुरातल्या एखाद्या दोन खणी घरात बसलेला असतो, पण पडद्यावर तो योद्धा असतो, मांत्रिक असतो, नाही तर वनात हिंडणारा धनुर्धर असतो. राक्षस मारावे, नाणी गोळा करावी, गुण साठले की वरची पायरी चढावी, आणि जे एकट्याला साधत नाही ते चार भिडू जमवून साधावे, असा त्याचा सर्वसाधारण क्रम. आता यात नवीन ते काय, असे कोणी विचारील. नवीन एवढेच की, खेळणारा उठून गेला तरी ते राज्य चालूच राहते. सारीपाटाच्या सोंगट्या डब्यात जातात, बुद्धिबळाचा पट गुंडाळून ठेवता येतो, आणि उद्या डाव मांडला म्हणजे दोघेही पुन्हा बरोबरीने बसतात. येथे तसे नाही. तुम्ही कामावर गेलेले असता तेव्हा दुसरा खेळत असतो आणि तुम्ही परत येता तेव्हा तो चार पायऱ्या वर गेलेला असतो. म्हणून या खेळाच्या जन्मापासून एक प्रश्न त्याच्या मागे लागलेला आहे. ज्याच्यापाशी दिवसभर वेळ आहे त्याचा हा खेळ, की ज्याला संध्याकाळी तासभर मिळतो त्या हौशी गड्याचाही?

‘हौशी’ हा आपला शब्द मोठा समर्पक आहे. हौशी म्हणजे कच्चा नव्हे. ज्याचे पोट त्या कामावर नाही, तो हौशी. आपल्या नाटकाच्या इतिहासात १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, पुढे धंदेवाईक मंडळ्या निघाल्या, आणि त्यांच्या शेजारी हौशी मंडळ्याही निघाल्या. १९५० नंतरच्या दशकात सरकारने नाट्यस्पर्धा सुरू केली ती या हौशी मंडळ्यांना डोळ्यांपुढे ठेवूनच. त्याहून मागे जावयाचे तर लळिते आहेत, भारुडे आहेत. उत्सवाच्या अखेरच्या रात्री लळितात सोंगे यावयाची. एकनाथांच्या भारुडांत वासुदेव येतो, जोशी येतो, गोंधळी येतो. ती सोंगे पंढरीच्या वाळवंटात आजही उभी राहतात आणि ती उभी करणारा माणूस पुष्कळदा साधा शेतकरी किंवा मजूर असतो. सिद्धेश्वराच्या यात्रेतील नंदीध्वज हा काही खेळ नव्हे. ते व्रत आहे. पण ते जड नंदीध्वज पेलणारे लोकही एरवी आपापल्या पोटाच्या उद्योगाला लागलेलेच असतात आणि सवडीच्या वेळी सराव करून मकरसंक्रांतीला उभे राहतात. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. सोंगाला वेळेची मर्यादा आहे. रात्र सरली की मुकुट उतरतो, यात्रा संपली की माणूस कामावर जातो. सोंग उतरवता येते म्हणूनच ते निर्धास्तपणे घेता येते.

परंतु हौसेला मुळात सवड लागते आणि ती सवड सोलापूरसारख्या गावाला फुकट मिळालेली नाही. १८७० नंतरच्या दशकात येथे पहिली कापडगिरणी उभी राहिली, पाठोपाठ आणखी गिरण्या आल्या आणि गावाचा दिवस भोंग्यावर चालू लागला. कामाच्या तासांना बांध कसा पडत गेला तो इतिहास लक्षात ठेवण्याजोगा आहे. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणीकामगारांच्या साप्ताहिक सुटीसाठी चळवळ केली आणि १८९० साली ती फळाला आली. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषाचा दिवस १२ तासांवर आणला. म्हणजे आठवड्याचे ७२ तास. १९२२ मध्ये आठवडा ६० तासांचा झाला, १९३४ मध्ये ५४ तासांचा, आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने ४८ तास ठरले. सदतीस वर्षांत आठवड्याला २४ तास मोकळे झाले. तालमी, लेझमीची पथके, भजनी मंडळे, हौशी नाटके, आणि व्याख्यानमालेला येणारा श्रोतृवर्गसुद्धा, ही पुष्कळशी या मोकळ्या झालेल्या तासांची मिळकत आहे. हा २४ चा आकडा ध्यानात असू द्यावा. त्याचे काम पुढे पडणार आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून, फासे टाकून खेळावयाचा सोंगांचा खेळ काढला. १९७८ मध्ये इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने संगणकावर अनेकांनी मिळून खेळावयाचा ‘मड’ हा खेळ रचावयास घेतला आणि रिचर्ड बार्टल याने तो पूर्णतेला नेला. त्यात चित्र नव्हते. सारा खेळ अक्षरांचा. विद्यापीठाबाहेरच्या लोकांना तो खेळावयाचा तर संगणकाला इतर काम नसे त्या वेळी, म्हणजे उत्तररात्री. तेव्हा प्रारंभापासूनच या खेळाने माणसाकडे झोपेचा वेळ मागितला, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

याच बार्टलने १९९६ मध्ये एका निबंधात खेळणाऱ्यांचे चार वर्ग पाडले आणि त्यांना पत्त्यांच्या चार रंगांची नावे दिली. चौकट म्हणजे पायऱ्या चढणारे आणि धन जोडणारे. इस्पिक म्हणजे त्या राज्याचे कानेकोपरे धुंडाळणारे. बदाम म्हणजे चार माणसे भेटावीत म्हणून येणारे. आणि किलवर म्हणजे दुसऱ्याला सतावण्यात आनंद मानणारे. हौशी गड्याला चौकटीच्या डावात कधीच जिंकता येत नाही, कारण तेथे तास मोजले जातात. इस्पिक आणि बदाम यांत मात्र तो कोणाहून उणा नाही. एखादा डोंगर प्रथम पाहण्याचा आनंद अर्ध्या तासातही मिळतो आणि ओळखीच्या भिडूची विचारपूस करावयास दहा मिनिटे पुरतात.

पुढे १९९७ मध्ये ‘अल्टिमा ऑनलाइन’ आणि १९९९ मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’ हे खेळ निघाले. ‘एव्हरक्वेस्ट’ खेळणारे लोक त्यातली नाणी आणि वस्तू खऱ्या डॉलरांना विकू लागले. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अर्थशास्त्रज्ञाने २००१ साली त्यावरून हिशेब मांडला, तेव्हा त्या कल्पित राज्याचे दरडोई उत्पन्न त्या वेळच्या रशियाच्या आसपास भरले. आपली म्हण निम्मी खोटी ठरली ती येथे. पैशाचे सोंग आणता आले, एवढेच नव्हे तर ते बाजारात विकलेही गेले. पण विकणाऱ्याने विकले काय? त्या नाण्यांसाठी घातलेले तास. ज्याच्यापाशी वेळ नव्हता, पैसा होता, तो दुसऱ्याचा वेळ विकत घेत होता. मजुरीची व्याख्या याहून निराळी नाही.

२००४ च्या नोव्हेंबरात ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आला आणि २०१० मध्ये त्याचे वर्गणीदार १ कोटी २० लाखांवर गेले. त्याच्या चाचणीच्या काळातली एक हकीकत बोधप्रद आहे. फार वेळ खेळणाऱ्याला मिळणारे गुण निम्मे करावे, असे कर्त्यांनी प्रथम ठरविले. खेळणाऱ्यांना तो दंड वाटला आणि ते चिडले. तेव्हा कर्त्यांनी नावे बदलली. निम्म्याला ‘नेहमीचे’ म्हटले आणि पूर्ण गुणांना ‘विश्रांती घेतलेल्याचे दुप्पट’ म्हटले. हिशेब तोच, पण तक्रार मिटली, आणि दोन दिवसांनी येणारा हौशी गडी दंडास पात्र न ठरता बक्षिसाचा धनी झाला. या खेळाने प्रारंभी मोठ्या मोहिमेला ४० माणसे मागितली. २००७ मध्ये ती संख्या २५ आणि १० वर आली. २००९ च्या अखेरीस भिडू जुळवून देण्याचे काम यंत्रानेच अंगावर घेतले. हौशी गड्याची सोय झाली खरी, परंतु किंमतही पडली. पूर्वी भिडू शोधता शोधता ओळख होई. आता चार अनोळखी माणसे जमत, राक्षस मारीत आणि नाव न विचारता पांगत. म्हणजे चौकटीची सोय झाली आणि बदाम हातचा गेला. २०१९ मध्ये कंपनीने त्या खेळाचे जुने, संथ रूप पुन्हा चालू केले तेव्हा त्यात शिरण्यासाठी लोकांनी तासन्‌तास रांग लावली, यात नवल नाही.

हे खेळ आपल्याकडे प्रथम आले ते सायबर कॅफेतून. तेथे तासाचे भाडे असे, आणि ते भाडे हीच हौशी गड्याची मर्यादा असे. खिसा रिकामा झाला की सोंग उतरे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि खेळ खिशातल्या फोनवर आला. भाडे गेले आणि त्याबरोबर ती मर्यादाही गेली. फोनवरचे यांतील पुष्कळ खेळ फुकट मिळतात, पण ते रोज हजेरी मागतात. आज आलात तर बक्षीस, उद्या चुकलात तर खाडा. आणि वाट पाहावयाची नसेल तर पैसे भरा. गिरण्यांचे भोंगे आपल्या गावात थांबले. खिशातला भोंगा मात्र चालू आहे.

निक यी या संशोधकाने २००० नंतरच्या दशकात अशा खेळाडूंच्या पाहण्या केल्या, तेव्हा सरासरी खेळाडू आठवड्याला वीस तासांहून अधिक खेळतो असे दिसले. मघाचा २४ चा आकडा आता आठवावा. दोन पिढ्यांनी झगडून जेवढे तास गिरणीकडून सोडवून घेतले, जवळजवळ तेवढेच तास एक खेळ मागतो! चीनने २००७ मध्ये अल्पवयीनांसाठी तीन तासांनंतर गुण निम्मे आणि पाच तासांनंतर शून्य असा नियम केला. २०२१ मध्ये शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्या या दिवशीच रात्री ८ ते ९ एवढी मुभा ठेवली. कामाचे तास मोजणारा कायदा आपल्या ओळखीचा आहे. खेळाचे तास मोजण्याची वेळ आली हा या काळाचा चमत्कार. आपल्या संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. पैशाच्या सोंगाला कायद्याचा लगाम बसला. वेळेची राखण मात्र ज्याची त्यालाच करावयाची आहे.

म्हणून या इतिहासात मला हौशी गडी महत्त्वाचा वाटतो. त्या राज्यात तो कधी सेनापती होत नाही, त्याचे चिलखत जुने असते आणि मोठ्या मोहिमेवर त्याला कोणी नेत नाही. पण यंत्रमागावरची पाळी आटोपून, हातपाय धुऊन, तासभर धनुर्धर होणारा आणि जेवणाची हाक आली की धनुष्य खाली ठेवणारा तो माणूस लळितातल्या सोंगाची रीत पाळीत असतो. मुलाच्या हातातला फोन हिसकावण्यापूर्वी आईबापांनी त्याला एवढेच विचारावे : यातून मध्येच उठता येते काय? येत असेल तर तो खेळ आहे, त्याला खुशाल खेळू द्यावे. येत नसेल, तर या गावातल्या जुन्या माणसांना त्याचे नाव ठाऊक आहे. त्याला ते पाळी म्हणत असत, आणि पाळीला निदान पगार तरी मिळत असे.