झिजलेली शिवराई

आमच्या देवघरातील तांब्याची एक शिवराई परीक्षकांकडे पाठवून तिची प्रत ठरवून घ्यावी की न घ्यावी, असा वाद गेल्या दिवाळीत आमच्या घरी उपस्थित झाला. प्रश्न क्षुद्र खरा. परंतु नाणे कशासाठी जपावयाचे, हा मोठा प्रश्न त्याच्या पोटात दडलेला असल्यामुळे तो वाचकांपुढे मांडण्याचे धार्ष्ट्य आम्ही करीत आहो.

एका अंगास ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या अंगास ‘छत्रपति’ ही अक्षरे धारण करणारे हे नाणे शिवछत्रपतींनी सुरू केले; पेशवाईत ते ठिकठिकाणच्या टांकसाळींत पडत राहिले, आणि १८१८ त राज्य बुडाल्यावरही कित्येक वर्षे बाजारात चालले. तेव्हा महाराजांचे नाव आहे एवढ्यावरून नाणे महाराजांच्या वेळचे ठरत नाही. आमच्या आजोबांना हा भेद मान्य नव्हता. ही शिवराई रायगडावरची, असे ते सांगत, आणि आम्हीही ते तसेच पुढच्या पिढीस सांगत आलो. इतिहास शिकविणाऱ्याने असे करावे, हे शोभत नाही, हे आम्हांस कबूल आहे.

प्रत ठरवावी, हा आग्रह आमच्या चिरंजीवांचा. या प्रतवारीचे मूळ अमेरिकेत आहे. विल्यम शेल्डन नामक गृहस्थांनी १९४९ साली आपल्या देशातील जुन्या तांब्याच्या सेंटांकरिता १ ते ७० अशी गुणश्रेणी बसविली. ७० गुणांच्या नाण्याचे मोल १ गुणाच्या नाण्याच्या सत्तरपट, असा त्यातील हिशेब होता. तो हिशेब लवकरच कोलमडला. श्रेणी मात्र उरली व जगभरच्या नाण्यांना लागू झाली. आता शुल्क भरले की नाणे पारखून, त्याला अंक देऊन, प्लास्टिकच्या डबीत कायमचे बंद करून देतात. खऱ्याखोट्याची पारख होते हा यातील मोठा लाभ, व नकली शिवरायांचा बाजारातील सुळसुळाट पाहता तो आम्ही कमी लेखीत नाही.

परंतु आमच्या शिवराईस अंक मिळणे कठीण. आमची आजी, मागाहून आई, दर लक्ष्मीपूजनास तिला चिंचेने लख्ख घाशीत; आणि घासलेल्या नाण्यास हे परीक्षक बहुधा अंक न देता तसा शेरा तेवढा मारतात. शिवाय डबीत गेलेल्या नाण्याचे वजन पुन्हा घेता येत नाही, कडाही नीट पाहता येत नाही. अभ्यासकास तर नेमके हेच हवे असते. परदेशी पाठविण्याची गोष्टच नको. १९७२ च्या पुरावस्तु कायद्याने शंभर वर्षांवरील नाणे खाजगी माणसास देशाबाहेर धाडता येत नाही.

येथे आम्हांस जोगलटेंभीच्या ठेव्याची आठवण होते. नाशिकजवळच्या या गावी १९०६ त नहपान क्षत्रपाची तेरा हजारांवर रुप्याची नाणी सापडली. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. नहपानाचा मुखवटा त्या ठशाखाली चेपून गेला आहे. निव्वळ रूपाच्या दृष्टीने ही नाणी बिघडलेलीच. पण क्षहरातांचे राज्य कोणी घेतले, याची साक्ष त्या बिघाडातच आहे. ठसा न मारलेली सुबक नाणी त्याविषयी मुकी राहतात.

अखेर आम्ही नाणे कोठेच पाठविले नाही. सोनाराच्या काट्यावर ते तोलले. पाऊण तोळ्याहून किंचित अधिक भरले. झीज धरूनही हे वजन हलकेच, कारण आरंभीच्या म्हणून मानल्या जाणाऱ्या शिवराया साधारण तोळाभर भरतात. मग रात्री दिव्याच्या तिरप्या उजेडात भिंगातून पाहता अक्षरांच्या दोन ओळींमध्ये दोन समांतर दांड्यांची पुसट खूण दिसली. म्हणजे ही दुदांडी शिवराई, बरीच अलीकडची, व बाजारात पैशाला पासरी मिळणारी. रायगड हातचा गेला. शुल्क वाचले म्हणून चिरंजीव हसले. आम्हांस मात्र त्या रात्री आजोबांच्या तसबिरीकडे पाहवेना.

वजन, व्यास व तो दांड्यांचा तपशील एका चिठ्ठीवर लिहून आम्ही ती नाण्याखाली ठेविली आहे. यंदा चिंच लावू नये, एवढी विनंती घरात केली होती. ती, लक्ष्मी काळवंडलेली कशी पुजावी, या सवालापुढे टिकली नाही.