‘निष्ठुर’ शब्दाचें मूळ

‘निष्ठुर म्हणजे ज्यास ऊर नाहीं तो,’ अशी फोड आम्हीं अध्यापनकाळीं अनेक वर्षें मुलांस सांगितली. मुलांस ती पटे; आम्हांसही पटत होती. ती चुकीची आहे हें पुढें अमरकोश पुन्हां चाळतांना ध्यानांत आलें. त्या चुकीचें परिमार्जन करावें एवढ्याचसाठीं हें टिपण.

अमरसिंहानें हा शब्द दोन ठिकाणीं घातला आहे. प्रथम कांडांत तो परुष वाणीचा वाचक आहे. तृतीय कांडाच्या विशेष्यनिघ्नवर्गांत तो कठिन, कठोर, दृढ यांच्या पंक्तीस बसला आहे. त्याच वर्गांत नृशंस, घातुक, क्रूर, पाप अशी घातकी मनुष्याच्या विशेषणांची निराळी ओळ आहे. तींत निष्ठुर नाहीं. क्रूर मात्र दोन्हीकडे आहे. म्हणजे कोशकाराच्या लेखीं निष्ठुर असावयाचा तो बोल किंवा दगड. दगडास ऊर कोठून आणावा?

व्याकरणांतही ही फोड टिकत नाहीं. निस् व उरस् यांच्या संधींत रेफ येईल, ष्ठ येणार नाहीं. वैयाकरण हा शब्द नि-पूर्वक स्था धातूस उणादि प्रत्यय लावून साधतात. उणादींनीं वाटेल तो शब्द वाटेल त्या धातूपासून काढतां येतो, हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. परंतु येथील ष्ठ आणि निष्ठा शब्दांतील ष्ठ यांची घडण एकच दिसते. तेव्हां निष्ठा व निष्ठुर हीं एका घरचीं भावंडें म्हणावयाचीं. जागचें न हलणें हा दोहोंचा धर्म. क्रूर शब्दाचा संबंध कच्च्या मांसाचा वाचक जो वैदिक क्रविस् त्याच्याशीं. तेथें रक्त आहे, येथें केवळ अचलता.

धर्मशास्त्रांत तर ही संज्ञाच झाली. नारदस्मृतींत वाक्पारुष्याचे निष्ठुर, अश्लील व तीव्र असे तीन प्रकार सांगून दंड उत्तरोत्तर वाढविला आहे. निष्ठुर हा पहिला, म्हणून सर्वांत सौम्य. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या काळीं विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत हाच भेद घेतला असून मूर्ख म्हणून धिक्कारणें हें त्याचें उदाहरण दिलें आहे. या हिशेबानें आमच्यासारखा प्रत्येक मास्तर दंडास पात्र!

हेमचंद्राच्या (१०८८–११७२) प्राकृत व्याकरणांत रकाराचा लकार होणाऱ्या शब्दांचा एक गण आहे. त्यांत करुण व निष्ठुर हे दोघेही एकाच पंक्तीस आहेत. रूपें कलुण व निट्ठुल. गणास अर्थाची पर्वा नसते.

मराठींत निष्ठुर आणि त्याचें तद्भव निठूर हे अंतःकरणास चिकटले. पण मूळची कठिणता सुटली नाहीं. आपल्या भाषेंत मन द्रवतें, दगडास पाझर फुटतो. जो द्रवत नाहीं तो निष्ठुर. दाराशीं रडणाऱ्या पोरक्या मुलास जो दार उघडीत नाहीं त्यास आपण निष्ठुर म्हणतों. क्रूर म्हणवून घेण्यास त्यानें आणखी कांहीं करावें लागेल.

पोथ्यांतून लेखक ष्ट व ष्ठ यांची सर्रास गल्लत करितात. संपादक ‘निष्टुर’ दिसतांच मुकाट्यानें दुरुस्ती करितो, हें आम्हांस इष्ट वाटत नाहीं. संग्राहकांनीं निष्टुर, निष्ठुर, निठूर हीं रूपें जशींच्या तशीं, पोथीच्या लेखनशकासह टिपून ठेवावीं.