फिलिप रिव्हर्स : क्वार्टरबॅक आणि शालेय प्रशिक्षक

फिलिप रिव्हर्स (जन्म : ८ डिसेंबर १९८१, डिकेटर, अलाबामा) हे अमेरिकन फुटबॉलमधील नामवंत क्वार्टरबॅक. सतरा वर्षांच्या व्यावसायिक कारकिर्दीनंतर त्यांनी अलाबामा राज्यातील फेअरहोप येथील सेंट मायकल कॅथलिक हायस्कूलच्या फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षकपद स्वीकारले.

खेळाचे स्वरूप

आपल्या परिचयाच्या फुटबॉलहून हा खेळ निराळा आहे. प्रत्येक संघाचे अकरा खेळाडू मैदानात असतात. अंडाकृती चेंडू हाती घेऊन धावत किंवा फेकत पुढे न्यावा लागतो. दहा यार्ड सरकण्यासाठी चढाई करणाऱ्या संघाला चार संधी मिळतात. बहुतेक चढायांचा प्रारंभ क्वार्टरबॅकच्या हाती चेंडू आल्यावर होतो. तो कोणाकडे द्यावा वा फेकावा, याचा निर्णय त्याला अवघ्या काही क्षणांत, प्रतिस्पर्धी अंगावर धावून येत असताना घ्यावा लागतो.

जडणघडण आणि कारकीर्द

फिलिप यांचे वडील स्टीव्ह रिव्हर्स शालेय फुटबॉल प्रशिक्षक होते. अथेन्स (अलाबामा) येथील शाळेत फिलिप त्यांच्याच हाताखाली खेळले. वडिलांच्या सन्मानार्थ त्यांचा १७ हा क्रमांक त्यांनी पुढे आयुष्यभर अंगावर वागविला. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातून खेळल्यानंतर २००४ साली व्यावसायिक संघांच्या निवडीत त्यांना चौथे स्थान मिळाले व ते सॅन डिएगो चार्जर्स संघात दाखल झाले. पहिली दोन वर्षे ते राखीव खेळाडू होते. २००६ पासून २०२० च्या हंगामापर्यंत मात्र त्यांनी नियमित हंगामातील सलग २४० सामन्यांत संघाच्या चढाईचे नेतृत्व केले.

जानेवारी २००८ मध्ये गुडघ्याचा अस्थिबंध तुटलेला असतानाही ते न्यू इंग्लंड पेट्रियट्सविरुद्ध उपान्त्य फेरीचा सामना खेळले. तो सामना चार्जर्सने २१-१२ असा गमावला. २०२० चा हंगाम इंडियानापोलिस कोल्ट्सकडून खेळून जानेवारी २०२१ मध्ये त्यांनी निवृत्ती जाहीर केली. तोवर त्यांच्या नावावर ६३,४४० यार्ड व ४२१ टचडाउन पासेस जमा होते. सुपर बोल या अंतिम सामन्यात खेळण्याचा योग मात्र त्यांना कधी आला नाही.

शाळेच्या मैदानावर

सेंट मायकल हायस्कूल मोबिल महाधर्मप्रांतात येते. रिव्हर्स निवृत्त झाल्यावर संघाची धुरा घेतील, ही घोषणा मे २०२० मध्येच झाली होती आणि २०२१ पासून त्यांनी ती प्रत्यक्ष सांभाळली. वडिलांचाच व्यवसाय त्यांनी पुढे चालविला, असे म्हणता येईल.

रिव्हर्स हे श्रद्धावंत कॅथलिक असून त्यांना दहा अपत्ये आहेत. ‘नुंक चेपी’, म्हणजे ‘आता मी प्रारंभ करतो’, हे लॅटिन वचन त्यांनी आपले ब्रीद मानले आहे. इटालियन धर्मगुरू ब्रूनो लांतेरी (१७५९–१८३०) यांच्याशी हे वचन निगडित आहे. काल अपयश आले तरी आज नव्याने उभे राहावे, असा त्याचा आशय.

पुनरागमन

डिसेंबर २०२५ मध्ये या ब्रीदाची कसोटी लागली. कोल्ट्सचे क्वार्टरबॅक डॅनियल जोन्स जायबंदी झाले आणि संघाने रिव्हर्स यांना पाचारण केले. कोल्ट्सचे प्रशिक्षक शेन स्टायकन चार्जर्समध्ये त्यांच्यासोबत होते. त्यांच्या पद्धतीच्या चढाया रिव्हर्स शाळेतल्या मुलांना शिकवीत होते, म्हणून त्या त्यांच्या विस्मरणात गेल्या नव्हत्या. वयाच्या ४४ व्या वर्षी, आजोबा झालेले रिव्हर्स सुमारे पाच वर्षांनी पुन्हा मैदानात उतरले. १४ डिसेंबर रोजी सिएटलविरुद्धचा सामना कोल्ट्सने १८-१६ असा थोडक्यात गमावला. त्यानंतरच्या दोन सामन्यांतही पराभवच पदरी पडला.

सिएटलच्या सामन्यानंतर पत्रकारांशी बोलताना आपली मुले व शाळेतील खेळाडू यांच्या आठवणीने त्यांचा कंठ दाटून आला. धावफलकाने त्यांना यश दिले नाही. परंतु पडण्याच्या भीतीने मागे हटू नये, हा जो धडा प्रशिक्षक मुलांना रोज देतो, तो त्यांनी स्वतः सर्वांसमक्ष गिरवून दाखविला.