मत्स्यालयातील मासे अचानक का मरतात?

घरातील मत्स्यालयात सकाळी एखादा मासा निपचित तरंगताना दिसतो. अंगावर डाग नसतो, जखम नसते, आदल्या रात्री तो व्यवस्थित खात असतो. दुकानदार निळ्या औषधाची बाटली हातात ठेवतो, तर घरातील वडीलधारी मंडळी 'घरावरचे संकट माशाने स्वतःवर घेतले' असे म्हणून विषय मिटवितात. दोन्ही उत्तरांमुळे खरे कारण शोधायचे राहून जाते आणि पुढच्या रविवारी आणलेले नवे मासेही त्याच वाटेने जातात. गोड्या पाण्यातील शोभिवंत माशांच्या अशा मृत्यूंना रोगापेक्षा पाणीच अधिक वेळा कारणीभूत असते. बिघडलेले पाणीही काचेसारखे नितळ दिसू शकते, ही यातील खरी अडचण आहे.

शोधाचा आरंभ मृत्यूच्या वेळेपासून करावा. एकाच रात्रीत बहुतेक सर्व मासे गेले असतील तर प्राणवायूचा अभाव किंवा बाहेरून आलेले विष, हा पहिला संशय. पाणी बदलल्यानंतर काही तासांत मृत्यू आला असेल तर क्लोरिन, तापमानातील फरक किंवा सामू म्हणजे पीएच एकदम बदलणे, यांकडे पाहावे. दर दोन-चार दिवसांनी एकेक मासा जात असेल तर अमोनिया, नायट्राइट किंवा संसर्ग संभवतो. जुने मासे धडधाकट आणि नवे मात्र टिकत नाहीत, ही खूण सर्वात बोलकी. तिच्याकडे पुढे वळू.

माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून, तसेच उरलेल्या खाद्यातून पाण्यात सतत अमोनिया मिसळत असतो. त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करण्याचे काम सूक्ष्म जिवाणू करतात. ही दोन वेगळ्या गटांची कामे आहेत, असे दीर्घकाळ मानले जात होते. 'नायट्रोस्पिरा' कुळातील काही जिवाणू ती दोन्ही एकट्याने पार पाडतात, हे २०१५ मध्ये उघड झाले. नव्या टाकीत या जिवाणूंची पुरेशी वाढ होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. टाकी, दगडगोटे आणि डझनभर मासे एकाच दिवशी घरी आणणाऱ्याच्या पदरी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात निराशा येते, ती यामुळेच. अमोनियाने कल्ले लालसर होतात, मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात. नायट्राइट रक्तातील प्राणवायू वाहून नेण्याची शक्तीच हिरावून घेतो. तेव्हा कल्ले तपकिरी दिसू लागतात.

हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. ते तळाच्या वाळूवर आणि फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करून असतात. त्यामुळे महिन्यातून एकदा सगळे पाणी ओतून देणे, वाळू बादलीत घोळणे आणि स्पंज नळाखाली पिळून काढणे, ही आपल्याकडे स्वच्छतेची खूण मानली जाणारी कृती माशांच्या मुळावर येते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर इतका मुक्त क्लोरिन शिल्लक असावा लागतो. तो जंतूंना मारतो, तसा या उपयुक्त जिवाणूंनाही आणि कल्ल्यांनाही भाजतो. स्पंज टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलकेच खळबळावा. निळे औषध म्हणजे मेथिलिन ब्ल्यू. तेही या जिवाणूंना बाधू शकते, म्हणून निदानाशिवाय ते टाकीत ओतू नये.

आता जुन्या टाकीविषयी. वरील प्रक्रियेत पाण्यातील क्षार खर्ची पडतात. प्रत्येक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ७ मिलिग्रॅम क्षारता संपते. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणा या जलाशयांतून मिळणारे पाणी मृदू असल्याने ही पुंजी मुळातच थोडी. पाणी क्वचितच बदलले गेले तर सामू हळूहळू ६ च्या आसपास उतरतो, जिवाणूंचे काम मंदावते आणि अमोनिया साचत जातो. आम्ल पाण्यात तो जवळजवळ निरुपद्रवी रूपात राहतो आणि जुने मासे या बदलाला सरावतात. बाहेरून आलेल्या नव्या माशाला मात्र हा फरक सोसत नाही. कधी तरी मालकाला उत्साह येतो, अर्धीअधिक टाकी रिकामी करून नळाचे ताजे पाणी भरले जाते, सामू वर उसळतो आणि साचलेला अमोनिया विषारी बनतो. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. सामू ८ ला हे प्रमाण ५ टक्क्यांच्या वर जाते, तर ९ ला एक तृतीयांशाहून अधिक होते. स्वच्छ पाणी घातले आणि मासे मेले, या तक्रारीचे कोडे अनेकदा असे उलगडते. अशा टाकीत रोज दहा टक्क्यांहून अधिक पाणी बदलू नये. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या टाकीत उलटा प्रकार: सामू आधीच चढा, त्यात किनाऱ्यावरून हौसेने आणलेले शंख-शिंपले टाकले की आणखी चढतो आणि थोडासा अमोनियाही पुरेसा ठरतो.

उन्हाळ्यात प्राणवायूचा प्रश्न येतो. २० अंशांना एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. रात्री पाणवनस्पतीही तो वापरतात. त्यात वीज गेली, हवेचा पंप थांबला, की पहाटे मोठे मासे आधी जातात. या पंपाचा आणखी एक धोका कोणी लक्षात घेत नाही. तो खोलीतील हवा थेट पाण्यात सोडतो. डास-झुरळांच्या फवाऱ्यांतील पायरेथ्रॉइड द्रव्ये माणसाला फारशी जाणवली नाहीत, तरी माशांना अत्यल्प मात्रेतही मारक ठरतात. फवारणी किंवा रंगकाम असेल तेव्हा टाकी झाकून पंप दुसऱ्या खोलीत न्यावा आणि हवेची नळी तेथून ओढावी.

मृत मासा दिसताच बाहेर काढावा; कुजला तर अमोनियात भर पडते. पाणी बदलण्याआधी टाकीतील आणि नळाच्या अशा दोन्ही पाण्यांचा सामू आणि टाकीतील अमोनिया व नायट्राइट मोजावे. थेंबांचे चाचणी-संच मत्स्यालयाच्या बऱ्याच दुकानांत मिळतात आणि पट्ट्यांपेक्षा ते अधिक भरवशाचे असतात. खाद्य एक-दोन दिवस बंद ठेवले तरी निरोगी प्रौढ मासे उपाशी मरत नाहीत. दोन्ही पाण्यांचा सामू जवळपास सारखा आणि अमोनिया वाढलेला असेल, तर क्लोरिन काढलेले, त्याच तापमानाचे पाणी घालून पाव ते अर्धी टाकी बदलावी. मोजणीत काहीच वावगे आढळले नाही, तरच अंगावरचे पांढरे ठिपके, कुजलेले पंख, चिकटलेले कल्ले असा रोगाचा शोध घ्यावा. तोपर्यंत नवा मासा आणू नये. आणल्यावरही तो दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा.